बोट ठेवून दाखवा

(कामोठे येथील महिला गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्या बैठकीत पाणी, रेशन, पोटगी, मारहाण, वारसाहक्क असे विषय होतात. चित्र हा विषय बहुधा पहिल्यांदाच आला असेल. बोलवायला आलेल्या मैत्रिणीला मी विषय सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, छान आहे, पण आपल्या कामाचा आहे का?’ प्रश्न रास्त आहे. जिला पहाटे उठून डबे करून मानसरोवरहून गाडी पकडायची आहे, तिने चित्रापुढे उभं कधी राहायचं?

पण एक गोष्ट बघा. बाईचा चेहरा वाचण्याचं काम आपल्या समाजात अहोरात्र चालू असतं. मुलगी बघायला आलेले वाचतात, सासू वाचते, नवरा वाचतो, चौकीतला हवालदार वाचतो. ‘हिच्या तोंडावर तर काही दिसत नाही’ एवढ्यावर किती जणींची तक्रार लिहून घेतली गेली नाही, हे सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. दुःखी बाई कशी दिसते, सोशिक कशी दिसते, भली कशी दिसते, याचा एक नमुना या सगळ्यांच्या डोक्यात तयार असतो. तो नमुना आकाशातून पडलेला नाही. सिनेमा, मालिका, कॅलेंडरं, भिंतीवरच्या तसबिरी यांतून तो घडलेला आहे, आणि त्यांच्याही मागे चित्रकलेची एक जुनी परंपरा उभी आहे. म्हणून चित्रातली बाई वाचायला शिकू या. वेळ वाया जाणार नाही.

मी तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. वर्गात चित्र दाखवून विचारलं की मुलं पटकन म्हणायची, ‘बाई, ती दुःखी आहे.’ मी म्हणायची, ‘बोट ठेवून दाखव. कुठे आहे दुःख?’ मग मुलगा गोंधळायचा, पुढे यायचा, आणि बोट कधी पापणीवर, कधी खांद्यावर, कधी पाठीमागच्या काळोखावर ठेवायचा. जिथे बोट ठेवता येतं ते चित्रात असतं. जिथे बोट ठेवता येत नाही ते बहुतेक वेळा आपण घरून आणलेलं असतं. आजही आपण एवढंच करणार आहोत.

समोर लावलंय ते चित्र तुमच्यापैकी निम्म्याजणींच्या घरी कधी ना कधी असेल. दिवा घेतलेली बाई. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. मघाशी मी विचारलं की हिच्या मनात काय चाललंय, तर कुणी म्हणालं शांत आहे, कुणी म्हणालं वाट बघते आहे, कुणी म्हणालं देवाजवळ निघाली आहे. मागून एक आवाज आला, ‘हाताला चटका बसतोय तिच्या.’ सगळ्याजणी हसलात. मी ते उत्तर बाजूला ठेवणार नाही, पुढे लागणार आहे.

आधी या चित्राचं नाव-गाव. पुष्कळजणी याला रविवर्म्याचं चित्र म्हणतात. ते रविवर्म्याचं नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, १९६८ साली वारले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे आणि ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेचा उजेड, अशा नावाने ओळखलं जातं. आणि ही बाई? ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ च्या ऑक्टोबरात कोल्हापुरात त्या वारल्या तेव्हा त्यांचं वय १०२ होतं. तेव्हा वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की या चित्रातल्या बाईला नाव होतं.

आता उजेडाकडे या. चित्रभर उजेडाची जागा एकच आहे. खिडकी नाही, चंद्र नाही, दुसरी समई नाही. आणि गंमत अशी की ज्योत आपल्याला धड दिसतच नाही, ती तळव्याच्या आड आहे. दिसतो तो ज्योतीचा परिणाम: बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या, गळ्यावर आणि गालावर पिवळसर ऊब. बोटं लाल का दिसतात? आज घरी गेल्यावर दिवे मालवा, मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर बोटं धरा. कातडीतून, रक्तातून उजेड आरपार येतो. चित्रकाराने जिवंत शरीर दाखवण्यासाठी ही युक्ती वापरली आहे. मातीच्या बाहुलीची बोटं अशी दिसणार नाहीत.

दुसरी गोष्ट, उजेड खालच्या बाजूने आलाय. नाटकात राक्षसाच्या तोंडावर उजेड कुठून टाकतात? खालूनच. नाकाची सावली कपाळाकडे गेली की चेहरा भेसूर होतो. मग ही भेसूर का नाही? कारण दिवा हनुवटीखाली नाही, समोर आणि जरा लांब धरलाय. दिव्याची जागा वीतभर बदलली असती तर हीच मुलगी भुतासारखी दिसली असती, आणि मग आशा, शांती वगैरे शब्द कुणाला सुचले नसते. भाव चेहऱ्यातून येतो हे खरंच आहे, पण दिवा कुठे आहे यावरही तो किती अवलंबून असतो बघा.

रंगांचंही तसंच. साडीत जांभळट छटा आहेत. (कॅलेंडरच्या छपाईत रंग बदलतात, एखादीच्या घरी ती निळी असेल, गुलाबीही असेल.) पिवळ्यासमोर जांभळा ठेवला की दोघेही उठून दिसतात, हे शाळेतल्या रंगचक्रात पाचवीच्या मुलालाही शिकवतो. म्हणजे दिव्याची ऊब अर्धी साडीने उधार दिलेली आहे. आणि हे चित्र तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. जलरंग कुणी केला असेल तर ठाऊक असेल, पारदर्शक जलरंगात उजेडासाठी पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. चुकलं तर खरवडून वर दुसरा थर देण्याची सोय तैलरंगात असते, इथे जवळजवळ नसते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उजेड आहे तिथे सगळ्यात कमी काम केलेलं असतं, पण आजूबाजूचा काळोख मात्र थरावर थर देत रचावा लागतो. मला हे फार आवडतं. म्हैसूरला शाळेच्या सहलीबरोबर मी हे चित्र पाहिलं होतं. तिथे खोलीत अंधार करून ते दाखवायचे. मुलं ओरडली, ‘बाई, आत बल्ब आहे!’ आत बल्ब नव्हता. कागद होता.

मग काय नाही तेही बघायचं. मागे घर नाही, चूल नाही, पोरं नाहीत, सासरा-दीर नाहीत, भांडं नाही. ती कुठून आली, कुठे चालली हे कळू नये अशीच व्यवस्था आहे. ती आपल्याकडे बघत नाही. पाऊल सावध आहे, घाई कुठे दिसत नाही. या ‘नसण्या’मुळेच आपण तिच्यात वाटेल ते भरू शकतो. वाट बघणं भरा, भक्ती भरा, आशा भरा. ‘आशा’ हा शब्द चित्रात कुठेही रंगवलेला नाही, तो शीर्षकातून आलाय. आणि आता ते मघाचं उत्तर. हाताला चटका बसतोय, हे म्हणणाऱ्या मैत्रिणीने बोट ठेवलं होतं. ज्योत आहे, ज्योतीजवळ हात आहे, आणि चित्र काढून होईपर्यंत माणसाला तसं उभं राहावं लागतं. आपण भाव वाचत होतो तेव्हा तिने श्रम वाचले. दोन्ही चित्रात आहेत.

या चित्राची जात कोणती, असं विचाराल तर मी रोमँटिक म्हणेन. हा शब्द आपल्याकडे बागेतल्या गाण्यांसाठी वापरतात, तो अर्थ सोडून द्या. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पन्नासेक वर्षं असा एक विचार जोरात होता की माणसाचं खरेपण त्याच्या हिशोबी बुद्धीपेक्षा भावनेत आहे. मग चित्रांत संधिप्रकाश आला, धुकं आलं, एकटी माणसं आली, खिडक्या आल्या. व्यक्तिचित्र म्हणजे अमुक सरदार, तमुक शेठाणी, एवढं न राहता त्या माणसाच्या मनाचं हवामान दाखवण्याची ओढ आली. आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं, ब्रिटिशांच्या कलाशाळांतून आणि त्यांच्या तैलरंगांबरोबर. जे. जे. स्कूल १८५७ सालचं. रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला १८९४ साली, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या दगडी छपाईतून अशा बाया घराघरांत पोचल्या. त्याची शकुंतला आठवा. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागे वळून बघणारी. वळलेली मान आणि उचललेलं पाऊल सगळं सांगतं. हळदणकरांची मुलगी याच घराण्यातली. म्हणूनच तर दोघांच्या नावांची सरमिसळ झाली. शिवाय मोठ्या नावाच्या पोटात लहान नाव जिरून जातं हेही आहेच. घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव असतं ते आपल्याला सांगायला नको.

चेहऱ्याशिवाय भाव दाखवता येतो का? जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश याने १८२२ साली आपली बायको कारोलिन हिचं चित्र काढलं, ‘खिडकीतली बाई’. बर्लिनमध्ये आहे ते. त्यात ती आपल्याकडे पूर्ण पाठ करून उभी आहे. खोली अंधारी, जवळजवळ रिकामी. खिडकीची एकच झडप उघडी आहे, त्यातून बाहेरची झाडं आणि गलबताची डोलकाठी दिसते. ती किंचित एका बाजूला झुकली आहे. बस्स. मी हे चित्र मुलींना दाखवलं की पाठ बघूनच त्या म्हणतात, हिला बाहेर जायचंय. बोट कुठे ठेवतात? झुकलेल्या कमरेवर, डोलकाठीवर, आणि बंद झडपांवर. मुलगे म्हणत, ‘ती नवऱ्याची वाट बघतेय.’ नवरा तर तिच्या मागे ब्रश घेऊन उभा होता!

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला. पॅरिसमध्ये १८०१ साली काढलेलं एक मोठं चित्र आहे, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. शार्लोत द्यू व्हाल दोन्य नावाच्या तरुण मुलीचं. पांढरा साधा झगा, मांडीवर मोठी चित्रवही, हातात रेखाटायचं साधन. ती खिडकीला पाठ करून बसली आहे. उजेड मागून येतोय, त्यामुळे केसांच्या कडा, खांदा आणि झग्याच्या चुण्या लख्ख आहेत आणि चेहरा सावलीत. व्यक्तिचित्रात चेहरा सावलीत ठेवायचा म्हणजे केवढं धाडस! उजेड येतो तो कागदावरून उलटून थोडासा हनुवटीखाली, तेवढाच. डोळे थेट आपल्यावर. दिवा घेतलेली मुलगी आपल्याकडे बघत नव्हती, ही बघते, आणि नुसती बघत नाही, मोजमाप घेतल्यासारखी बघते. बहुतेक ती आपलंच चित्र काढते आहे. खिडकीची एक काच तडकलेली आहे. बाहेर दूर कठड्यापाशी एक जोडपं उभं आहे. ही आत, एकटी, कामात.

या चित्राचा मूड कोणता? मला विचाराल तर एकाग्रता, आणि त्या एकाग्रतेची थोडी किंमत मोजलेली. बोट ठेवते: सावलीतले डोळे, तडकलेली काच, लांबचं जोडपं.

हे चित्र १९१७ साली संग्रहालयाकडे आलं ते झाक-लुई दाव्हिद या फार मोठ्या फ्रेंच चित्रकाराचं म्हणून. लोक ते कौतुकाने बघत. दाव्हिदची प्रतिभा, त्याची शिस्त, त्याचा करारीपणा म्हणून वाखाणत. पुढे १९५१ साली शार्ल स्टर्लिंग या अभ्यासकाने दाखवून दिलं की हे चित्र १८०१ च्या प्रदर्शनात होतं, आणि त्या वर्षीच्या प्रदर्शनात दाव्हिदने भागच घेतला नव्हता. मग हे एखाद्या स्त्रीचं असावं, बहुधा कॉन्स्तांस शार्पांतिए हिचं, असं त्याने सुचवलं. इथवर ठीक. पण त्याच लेखात त्याला या चित्रात दोष दिसू लागले. रेखाटनातला कच्चेपणा हुशारीने झाकलेला, एकूण काव्यमय नाजूकपणा, आणि या सगळ्यातून प्रकट होणारं स्त्रीमन, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. चित्रातला एक फटकाराही बदलला नव्हता! कापड तेच, काच तीच, डोळे तेच. बदललं होतं ते खालच्या पट्टीवरचं नाव. पुढे १९९० च्या दशकात मार्गारेट ओपनहायमर या अभ्यासिकेने मांडलं की हे काम शार्पांतिएचंही नव्हे, मारी-दनीज व्हिलर्स हिचं आहे, आणि आता संग्रहालयही तिचंच नाव लावतं. व्हिलर्स बाई चित्रकारांच्या घरातली, तिच्या बहिणीही चित्रं काढत. तिच्या नावावर आज फार थोडी चित्रं उरली आहेत. बाकीची कुणाच्या नावाखाली टांगलेली असतील, देव जाणे.

त्या काळी बायकांना चित्रकार व्हायला बंदी नव्हती, पण उघड्या शरीरावरून रेखाटन शिकण्याची सोय त्यांना नव्हती, आणि ते शिकल्याशिवाय लढाया, पुराणकथा असली ‘मोठी’ समजली जाणारी चित्रं काढता येत नसत. मग बायकांकडे उरली व्यक्तिचित्रं, फुलं, घरातले प्रसंग. आणि बायका घरगुतीच विषय काढतात असा शेरा वर! ओळखीचं वाटतंय ना?

आपल्याकडेही चित्रकारांच्या मुली वडिलांसमोर बसल्या, उभ्या राहिल्या. काही थोड्या मात्र उठून इझलच्या पलीकडे गेल्या. महादेव विश्वनाथ धुरंधर हे जे. जे. स्कूलमधले नामवंत चित्रकार-शिक्षक, त्यांची मुलगी अंबिका १९१२ साली जन्मली, जे. जे. मध्ये शिकली, आयुष्यभर चित्रं काढत राहिली आणि आपल्या आठवणी ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने लिहून ठेवल्या. गोव्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची मुलगी अँजेलाही चित्रकार झाली. धुरंधर सगळ्यांना माहीत, अंबिकाबाई किती जणींना माहीत होत्या? हात वर करा. दोन. दोन्ही माझ्या जुन्या विद्यार्थिनी, म्हणजे ते धरायचं नाही.

आता थोडं कडू. फ्रान्समध्येच तेओदोर जेरिको नावाचा रोमँटिक चित्रकार होऊन गेला. त्याने १८२० च्या आसपास मनोरुग्णांची दहा व्यक्तिचित्रं काढली, असं सांगतात. एका वेड्यांच्या डॉक्टरशी, जॉर्जे याच्याशी, त्यांचा संबंध जोडला जातो. चित्रकार १८२४ साली गेला आणि त्यातली पाच चित्रं १८६३ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-बाडेन इथे सापडली. त्यात दोन बाया आहेत. एकीच्या चित्राला म्हणतात ‘मत्सराचं वेड’. डोक्याला पांढरी टोपी, मागे तपकिरी काळोख, नजर आपल्याला चुकवून बाजूला, आणि पापण्यांच्या कडा लाल. चित्र विलक्षण आहे, यात वाद नाही. जेरिकोने तिची टिंगल केलेली नाही, तिला विद्रूपही केलेलं नाही. एखाद्या सरदाराला द्यावा तेवढा आदर आणि वेळ त्याने तिला दिलाय. पण ‘मत्सर’ कुठे आहे? बोट ठेवून दाखवा. लाल पापणीवर ठेवाल. आता एखादी म्हातारी रात्रभर जागली असेल, रडली असेल, डोळे आले असतील, तरी पापणी लालच होणार. पापणी चित्रात आहे, मत्सर पट्टीवर आहे. या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तिच्या नावाच्या जागी रोगाचं नाव राहिलं. तिचा मत्सर कुणाविषयी होता, तो खरोखर होता का, की घरातून काढून लावायला कुणाला कारण हवं होतं, हे आता तिला विचारता येत नाही.

पण जी समोर बसली आहे तिला विचारता येतं, आणि म्हणून मी हे सगळं इथे सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी सल्ला केंद्रात एक बाई आल्या होत्या. इस्त्रीची साडी, गजरा, बोलताना मधूनमधून हसत होत्या. त्या एका चौकीतून परत पाठवल्या गेल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं होतं की तुम्ही तर चांगल्या हसताय, त्रास कसला? आमच्यातल्याही एका नव्या कार्यकर्तीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘हिला खरंच मारत असतील का हो?’ मी तिला ड्रॉइंगच्या तासासारखं विचारलं: नीट बघ आणि फक्त जे दिसतंय ते सांग. ती सांगू लागली. लांब बाह्यांचा ब्लाऊज, मे महिन्यात. खुर्चीच्या टोकावर बसल्या आहेत. पिशवी मांडीवरून खाली ठेवलेली नाही. दार उघडलं की बोलणं थांबतं. हसू ओठांपर्यंत आहे. मग ती स्वतःच गप्प झाली. गजरा आणि हसू एवढंच तिने आधी वाचलं होतं, कारण दुःखी बाईला गजरा नसतो असं तिच्या डोक्यातल्या चित्रात होतं. आणि गजरा का घातला होता ते नंतर त्या बाईंनीच सांगितलं: लग्नाला चालले आहे असं सांगून घराबाहेर पडल्या होत्या.

इथे मला एक कुंपणही घालायचं आहे. बाह्या आणि पिशवी यावरूनही निकाल द्यायचा नाही. नाहीतर आपणही ते डॉक्टरच होऊ, फक्त आपल्या बाजूचे. दिसलं त्यावरून काय करायचं? दार लावून घ्यायचं, पाण्याचा पेला पुढे करायचा आणि प्रश्न विचारायचा. चित्राच्या बाबतीत ही सोय नाही, तिथे दिसतं तेवढ्यावरच भागवावं लागतं. माणसाच्या बाबतीत नुसतं बघून भागवणं हा आळस आहे, आणि चौकीत बसलेल्याने तो केला तर अन्याय.

वेळ होत आलाय, पण अमृता शेरगिलचं नाव घेतल्याशिवाय थांबवत नाही. तिचं ‘तीन मुली’ हे चित्र १९३५ चं, त्याला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आता ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. छोटी प्रत आणली आहे, फिरवा. इथे दिवा नाही, खिडकी नाही, नाट्यमय काळोख नाही. रंग सपाट, भडक म्हणावे असे, लग्नघरातल्यासारखे. आणि तीन मुली एकमेकींना चिकटून, पण एकीचीही नजर दुसरीच्या नजरेला मिळत नाही. कपडे सणाचे आणि डोळे खाली. भाव या विसंगतीतून येतो. शेरगिलने ‘बिच्चाऱ्या’ म्हणावं असं काही रंगवलेलं नाही, अश्रू नाही, हात जोडलेले नाहीत. त्यांचं सौंदर्य उजेडाने उजळवून आपल्याला गोड दुःख दिलेलं नाही. त्या काय विचार करताहेत ते त्यांच्याकडेच ठेवलंय. या प्रतीकडे मी वर्षानुवर्षं बघते आहे, आणि मधली कुणाशी बोलणं तोडून बसली आहे असं मला वाटतं. बोट ठेवता येत नाही, तेव्हा ते माझं समजा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला एक फोटो आणा. लग्नाच्या अल्बममधला चालेल, मुलगी दाखवण्यासाठी स्टुडिओत काढलेला तर उत्तमच, सासूचा किंवा आईचाही चालेल. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडाटाबरोबर पाठवतात तसला असेल तर तो मोबाईलवरच दाखवा. उजेड कुठून आलाय, हात कुठे ठेवायला सांगितले होते, मागे पडदा कसला होता, आणि ‘असं बघ, तसं बघ’ कोण सांगत होतं, एवढं आठवून या. ज्यांच्याकडे लग्नाचा अल्बमच नाही किंवा ज्यांनी तो मुद्दाम फाडून टाकलाय त्यांनी नुसतं आठवणीतून सांगितलं तरी चालेल. परीक्षेत आम्ही त्याला स्मरणचित्र म्हणायचो, आणि त्याला वेगळे मार्क असायचे.